उच्च दर्जाची सुतारयंत्रे घेताना लाकडाचाही हिशेब व्हावा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

एखादे घर, ग्रंथालय किंवा लहानसे सभागृह स्वतःच्या आराखड्याप्रमाणे बांधायचे ठरले, की त्यातील दारे, खिडक्या, जिने आणि भिंतीत बसणारी कपाटे तयार न आणता जागेवरच घडवून घ्यावीत, असे पुष्कळ बांधकाममालकांना वाटते. त्यासाठी सरकत्या टेबलाचा पॅनेल सॉ (मोठ्या फळ्या कापणारी करवत), रुंद सरफेस प्लेनर (फळीची एक बाजू सपाट करणारे यंत्र), थिकनेसर (जाडी सारखी करणारे यंत्र), स्पिंडल मोल्डर (कडांना आकार देणारे यंत्र) अशी उच्च दर्जाची यंत्रे त्या एका प्रकल्पाकरिता विकत घेतली जातात. या खरेदीविषयी दोन टोकांची मते कानावर येतात. काहींना ती निव्वळ हौस वाटते, तर काहींची अशी समजूत असते की एवढे यंत्र दाराशी आले म्हणजे काम आपोआप उत्तम होणार. लाकूडकामावर देखरेख करण्यात ज्याचे आयुष्य गेले, अशा माणसाच्या नात्याने मला या दोन्ही मतांविषयी काही मांडायचे आहे. अशी यंत्रे जरूर घ्यावीत. मात्र ती घेण्यापूर्वी लाकूड किती वाळले आहे, ते कोठे रचून ठेवणार आणि यंत्रावर कोण उभा राहणार, हे ठरलेले असावे. हा क्रम उलटा झाला, तर यंत्रासाठी मोजलेल्या रकमेतला मोठा भाग वाया जातो, हे मी वारंवार पाहिले आहे.

प्रथम हौशीच्या आक्षेपाविषयी. महाग यंत्रात आपण नेमके काय विकत घेतो, हे न पाहताच हा आक्षेप घेतला जातो. साध्या यंत्रावरही कुशल सुतार एक उत्तम दार करू शकतो, यात शंका नाही. परंतु तेच माप तिसाव्या आणि चाळिसाव्या तुकड्यालाही तसेच यावे, सकाळी लावलेली फेन्स (लाकूड टेकवून धरायची पट्टी) संध्याकाळपर्यंत जागची हलू नये आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच माप लावले तर पहिल्या तुकड्याशी जुळणारा तुकडा मिळावा, हे जड बिडाच्या टेबलाशिवाय, भक्कम चौकटीशिवाय आणि झीज न होणाऱ्या सरकपट्टीशिवाय साधत नाही. जिन्याचे उदाहरण घ्यावे. सोळा पायऱ्यांच्या जिन्यात प्रत्येक तुकड्याला अर्धा मिलिमीटर जास्त गेला, तर वर पोहोचेपर्यंत आठ मिलिमीटरचा फरक पडतो आणि तो शेवटच्या पायरीत कोठेतरी लपवावा लागतो. एरवी हाताने सावरून घेता येणाऱ्या चुका मोठ्या कामात बेरजेने वाढत जातात, आणि ही बेरीज रोखणे हेच चांगल्या यंत्राचे काम आहे.

बर्लिनमध्ये विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी १९०६ साली सरकत्या टेबलाची करवत घडवली, तेव्हाही फळीची कड एकाच वेळी सरळ व स्वच्छ निघावी, हीच गरज होती. आजच्या पॅनेल सॉमध्ये मुख्य पात्याच्या पुढे एक लहान स्कोअरिंग ब्लेड असते. ते उलट दिशेने फिरून खालच्या पृष्ठभागावर उथळ रेघ पाडते, त्यामुळे व्हीनियर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा) किंवा लॅमिनेटच्या कडेची खपली निघत नाही. ज्या कामात व्हीनियरची मोठी पॅनेल आहेत, तेथे एवढ्या एका सोयीने पॉलिशवाल्याचे कितीतरी दिवस वाचतात.

यंत्र खरोखर तेवढे अचूक आहे का, हे विक्रेत्याच्या पत्रकावरून न ठरवता यंत्र ताब्यात घेताना स्वतः तपासावे. त्याची एक जुनी आणि अत्यंत विश्वासार्ह रीत आहे. सुमारे ५०० मिलिमीटर लांबी-रुंदीचा एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) तुकडा घेऊन त्याची एक कड आडव्या फेन्सला टेकवून कापावी. मग नुकतीच कापलेली कड फेन्सला टेकेल अशा रीतीने तुकडा फिरवून पुढची कड कापावी, आणि असे करत चारही कडा कापून झाल्यावर पहिल्या कडेवरून पुन्हा एक अरुंद पट्टी काढावी. फेन्स अचूक काटकोनात नसेल तर प्रत्येक कापात तीच चूक मिळत जाते आणि पाचव्या कापापर्यंत ती चौपट होते. पट्टीच्या दोन टोकांची रुंदी व्हर्नियरने मोजली आणि त्यांत ०.४ मिलिमीटरचा फरक आला, तर त्याला चाराने भागून कळते की ५०० मिलिमीटर लांबीत फेन्स ०.१ मिलिमीटरने कलली आहे. एका काटकोनी पट्टीने जे कधीच दिसले नसते, ते असे हातात येते. ही चाचणी यंत्र जागेवर बसवल्यानंतर करावी, कारण वाहतुकीत आणि उतरवताना जुळणी हलते, आणि बसवणारा माणूस निघून गेल्यावर ती पुन्हा लावून घेणे फार त्रासाचे होते.

रंध्याच्या यंत्रांबाबत एक गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की त्यावर थोडे थांबणे भाग आहे. थिकनेसर घेतला म्हणजे फळी सरळ होते, असे अनेक मालक धरून चालतात. प्रत्यक्षात थिकनेसरमधले रोलर वाकडी फळी दाबून टेबलाला चिकटवतात, पाते तिची जाडी सारखी करते, आणि बाहेर पडताच फळी आपला बाक परत घेते. दोन्ही बाजू समांतर झालेल्या असतात, पण वाकडेपणा तसाच राहतो. पीळ आणि बाक काढायचे काम सरफेस प्लेनरचे आहे. त्यावर फळीची एक बाजू सपाट करून, मग तिला काटकोनात एक कड सरळ करून, त्यानंतरच ती थिकनेसरमध्ये घालायची असते. म्हणून दारांच्या लांब उभ्या पट्ट्या करायच्या असतील, तर पैसा आधी लांब टेबलाच्या सरफेस प्लेनरमध्ये घालावा. रुंदीच्या आकड्याकडे सर्वांचे लक्ष जाते. टेबलाची लांबी मात्र फारसे कोणी विचारत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वर सांगितलेली मिलिमीटरच्या दहाव्या भागाची अचूकता ज्या लाकडावर खर्च व्हायची, ते लाकूडच जागचे हलणार असेल तर काय उपयोग? लाकडातील पाण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरले की ते आकसू लागते, आणि हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. लांबीत ते जवळजवळ नसते. वार्षिक वलयांना समांतर दिशेत ते वलयांना छेदणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट असते. सागवान स्थिर लाकूड म्हणून नावाजलेले आहे, तरीही पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत ते वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते. युरोपीय बीचमध्ये हेच प्रमाण जवळपास दुप्पट आहे. या हिशेबाने आडव्या कापाची, म्हणजे जिची रुंदी वलयांच्या दिशेने आहे अशी, ३०० मिलिमीटर रुंद सागवानी फळी १८ टक्के ओलाव्यावर कापली आणि नंतर ती १० टक्क्यांपर्यंत वाळली, तर ती सुमारे साडेचार मिलिमीटरने अरुंद होईल. ज्या यंत्राने ती कापली त्याची चूक मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजायची आणि लाकडाची हालचाल पूर्ण मिलिमीटरांत, अशी ही विसंगती आहे. दारे अडकतात, पॅनेलच्या कडेला पॉलिश न लागलेली फिकट रेघ दिसू लागते, खाच आणि तिच्यात बसलेले कुसू यांच्यामध्ये फट पडते, आणि दोष मात्र सुताराच्या माथी येतो.

मी देखरेख केलेल्या एका वास्तूत पायऱ्यांसाठी आलेल्या ५० मिलिमीटर जाडीच्या फळ्या वाळलेल्या म्हणून पाठवल्या गेल्या होत्या, आणि ओलावा मोजण्याच्या मीटरच्या सुया वरच्या पृष्ठभागावर टोचल्या तर आकडाही समाधानकारक येत होता. तेथील मिस्त्रींनी एका फळीचे टोक टाकून न देता टोकापासून हातभर आत आडवा काप घेतला आणि त्या ताज्या कापाच्या बरोबर मध्यावर सुया टोचल्या. बाहेर ११ आणि आत १७ असा फरक होता. अशी फळी मधोमध चिरली की आतील ओली बाजू उघडी पडून सुकू लागते आणि दोन्ही अर्ध्या फळ्या काही दिवसांत वाकतात. मालकांनी त्यांचे म्हणणे मानले, फळ्या सारख्या अंतरावर आडव्या पट्ट्या ठेवून रचल्या गेल्या, आणि नवेकोरे यंत्र तोपर्यंत एमडीएफच्या कपाटांवर चालवले गेले. तो जिना आजही कुरकुरत नाही. मिस्त्रींच्या त्या एका कापाची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेली नव्हती.

याच संदर्भात बांधकामाच्या जागेविषयी एक गोष्ट मालकांनी मनावर घ्यावी. वाळलेले लाकूड आणून ते नुकत्याच गिलावा केलेल्या खोल्यांत ठेवले, तर वाळवण्याचा सारा खटाटोप फुकट जातो. ताजे काँक्रीट आणि गिलावा यांतून बराच काळ पाणी बाहेर पडत असते. खोलीतील सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड सुमारे ९ टक्के ओलाव्यावर स्थिर होते, ६५ टक्के असेल तर १२ टक्क्यांच्या आसपास, आणि ८० टक्के असेल तर १६ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे बांधकाम ओले असताना दारे बसवली तर ती फुगतात, आणि घरात माणसे राहू लागल्यावर आकसतात. यंत्रे ठेवण्याची शेड वेगळी, कोरडी आणि वारा खेळता असलेली हवी. शिवाय सिमेंटची बारीक धूळ सरकत्या टेबलाच्या पट्ट्यांत आणि बेअरिंगमध्ये शिरली तर उत्तम यंत्रही लवकर खडबडीत चालू लागते. यंत्राच्या रकमेतून थोडी रक्कम बाजूला काढून एक चांगला आर्द्रतामापक, लाकडासाठीचा मीटर आणि फळ्या रचण्याची छपराखालची जागा यांवर ती खर्च केली, तर तिचा परतावा कोणत्याही डिजिटल फेन्सपेक्षा अधिक मिळेल, असे माझे ठाम मत आहे.

धुळीचा प्रश्न तर आरोग्याचाच आहे आणि त्यात काटकसर करण्याचा अधिकार मालकाला नाही, असे मी मानतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला असून तिचा १९९५ चा अहवाल नाकाच्या पोकळीच्या आणि सायनसच्या कर्करोगाशी तिचा संबंध स्पष्ट करतो. डोळ्यांना दिसणारा भुसा जमिनीवर पडतो; फुप्फुसांत जाते ती न दिसणारी धूळ. ती यंत्राच्या तोंडाशीच ओढून घ्यायची तर नळीतील हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर राखावा लागतो, आणि १२० मिलिमीटर व्यासाच्या एका नळीसाठी त्याचा अर्थ होतो तासाला आठशे घनमीटरहून अधिक हवा. पॅनेल सॉला पात्याच्या खालून आणि वरच्या झाकणातून अशा दोन ठिकाणी ओढ हवी असते, त्यामुळे दोन्ही नळ्यांची बेरीज धरावी लागते. मोठ्या यंत्राला शेजारच्या लहान यंत्राचा जुना डस्ट कलेक्टर जोडून वेळ मारून नेण्याची रीत आहे. तिच्यामुळे नळ्या भरतात, पाते तापते, कापाची कड काळवंडते आणि माणसे दिवसभर धुळीत उभी राहतात. लांबच लांब लवचीक नळ्यांमुळे ओढ घटते, म्हणून जेथे शक्य तेथे गुळगुळीत धातूच्या नळ्या घालाव्यात आणि त्यांना अर्थिंग द्यावे, कारण हवेत तरंगणारी बारीक लाकडी धूळ ठिणगीने पेट घेऊ शकते.

विजेच्या आणि जमिनीच्या बाबतीत थोडक्यात एवढेच, की अशा यंत्रांना बहुधा थ्री-फेज वीज लागते. मोटर सुरू होताना थेट जोडणीत चालू प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते, त्यामुळे तारांचा आणि स्टार्टरचा विचार आधीच व्हावा. पॅनेल सॉचे वजन एक टनाच्या आसपास असते, तेव्हा ते उतरवायचे कसे आणि दारातून आत न्यायचे कसे, हे ट्रक दाराशी आल्यावर ठरवू नये.

माणसाविषयी मात्र थोडक्यात लिहून चालणार नाही. यंत्र निवडताना वास्तुविशारद असतात, मालक असतात, विक्रेत्याचा प्रतिनिधी असतो. जो त्यावर रोज उभा राहणार तो सुतार बहुधा नसतो. त्याला विचारले असते तर त्याने सांगितले असते की या कामात खरे लाकूड अधिक आहे, म्हणून प्लायवूडच्या कडांना पट्टी चिकटवणाऱ्या एज बँडरऐवजी चांगला बँड सॉ (पट्ट्याच्या पात्याची करवत) आणि खाचा पाडणारे यंत्र घ्या. किंवा बहुतेक काम प्लायवूडचे आहे, म्हणून अर्धा मीटर रुंदीच्या प्लेनरची गरज नाही. वक्र तुकडे एकसारखे आणि बरेच असतील तर सीएनसी राउटर (संगणकाने चालणारे कोरण्याचे यंत्र) उपयोगी पडतो, पण त्याच्यासाठी संगणकावर आराखडा करणारा माणूस लागतो आणि त्याचा पगारही धरावा लागतो. पात्यांचे दोन संच, त्यांना धार लावून देणारा जाणकार आणि सुट्या भागांची खात्री, हेदेखील खरेदीच्याच वेळी ठरावे.

सुरक्षेच्या नव्या सोयींचे मी मनापासून स्वागत करतो. अमेरिकेतील स्टीव्ह गॅस यांनी १९९९ मध्ये विकसित केलेल्या, सॉस्टॉप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत पात्याला बोट लागताच ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून ते सुमारे पाच मिलिसेकंदांत थांबते; ते पाते आणि ब्रेकचा संच बदलावा लागतो, पण बोट वाचते. स्पर्श होण्याआधीच हात ओळखून पाते खाली नेणाऱ्या यंत्रणाही आता मोठ्या पॅनेल सॉमध्ये मिळतात, आणि ऐपत असेल तर त्या घेतल्याच पाहिजेत. परंतु ३०० मिलिमीटरचे पाते मिनिटाला ४००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याच्या दातांचा वेग सेकंदाला ६० मीटरहून अधिक असतो, आणि पात्यामागची रायव्हिंग नाइफ (कापलेली फट उघडी ठेवणारी पट्टी) काढून ठेवली तर तोच वेग फळी मागे उडवण्याच्या कामी येतो. स्पिंडल मोल्डर त्याहून धोक्याचा आहे. त्यात हाताने सारायच्या कामासाठी असलेलेच कटर वापरावेत, ज्यांचे पाते मर्यादापट्टीच्या पुढे १.१ मिलिमीटरपेक्षा अधिक येत नाही आणि म्हणून जे लाकूड एकदम खेचून घेत नाहीत. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नयेत, कानांना संरक्षण असावे, आणि नव्या यंत्रावर पहिले काही दिवस केवळ टाकाऊ लाकडावर सराव व्हावा. या सरावाच्या दिवसांची मजुरी मालकाने आनंदाने द्यावी. ती वाचवण्यासाठी पहिल्याच दिवशी निवडक सागवान यंत्रावर चढवणे मला सर्वथा अयोग्य वाटते, कारण त्यात लाकूडही जाते आणि नव्या यंत्राविषयी सुताराच्या मनात जी भीती बसते ती लवकर निघत नाही.

इमारत पूर्ण झाल्यावर यंत्रांचे काय, हा प्रश्न हौशीचा आक्षेप घेणारे नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. जड बिडाची, नीट राखलेली यंत्रे कित्येक दशके चालतात आणि त्यांना चांगले गिऱ्हाईक मिळते. हलक्या यंत्रांचे तसे होत नाही. तरीही विकण्याआधी एक विचार व्हावा. ज्या सुतारांनी ती इमारत घडवली, त्यांच्या हाताला त्या यंत्रांची सवय झालेली असते. हप्त्याने किंवा कामाच्या मोबदल्यातून ती त्यांनाच देता आली, तर इमारतीच्या दारांची पुढची डागडुजीही त्याच मापांनी आणि त्याच हातांनी होईल.

आपल्या दैनिकाच्या घर-बांधकामविषयक पुरवणीला माझी विनंती आहे की, अशा यंत्रांची ओळख करून देताना केवळ पात्याचा व्यास आणि मोटरची ताकद न छापता त्या यंत्राला धूळ ओढण्यासाठी तासाला किती हवा लागते, त्याचे वजन किती, टेबलाची लांबी किती आणि ते चालवण्याचे शिक्षण विक्रेता देतो की नाही, हेही छापावे. त्याबरोबर लाकूड वाळवण्याविषयी आणि ओलावा मोजण्याविषयी एखाद्या अनुभवी मिस्त्रींचे लेखन मागवावे, म्हणजे मालकांना खरेदीची यादी करतानाच ते वाचायला मिळेल.

कळावे,

आपला विश्वासू,
लाकूडकाम क्षेत्रातील एक वाचक